शामकलानं ताट बाहेर नेलं

सडक अर्जुनीच्या पुढे, हायवेवरच्या एका ढाब्यात शामकला तंदुरी रोट्या लावते. चाळिशी उलटलेली, अंगानं काटक. तिच्या तोंडाला ट्रकवालेसुद्धा भितात. एकदा एकानं भांडी घासणाऱ्या बाईचा हात धरला, तर हिनं तंदुरातून लाल झालेली सळई काढून त्याच्यापुढे धरली. "सोड तिले. नाई तं नाक भाजीन." त्यानं हात सोडला आणि जेवण अर्धवट टाकून ट्रक हाणला.

नवरा बुधराम क्षयानं खंगला तेव्हा भाऊबंद दारात यायचे बंद झाले. आल्या त्या ख्रिस्ती मंडळीतल्या बाया. त्यांनी त्याचं अंथरूण धुतलं. मंडळीचे पास्टर देवानंद त्याला पाठुंगळी घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढले. बुधराम वाचला नाही. पण शामकला म्हणाली, "ज्या देवाची माणसं परक्याची घाण धुतात, तो देव मले चालते." तेव्हापासून दर रविवारी ती मंडळीत जाऊ लागली. प्रभुभोजनाची, म्हणजे प्रार्थनेत सगळ्यांना वाटायची भाकर तीच करायची. ढाब्यावर नाही, घरच्या चुलीवर, अंघोळ करून.

या मंडळीत चंचल नावाची पोरगी गाणं म्हणायची. मायबाप विटाभट्टीवर परराज्यात, ही मामाकडे. तिला दिवस गेले. कोणाचे, ते सगळ्यांना ठाऊक होतं. ढोलक वाजवणारा गुलशन, पास्टरचा मुलगा. मामानं तिला घराबाहेर काढलं, आणि पास्टरनं मंडळीसमोर जाहीर केलं, "पश्चात्ताप होईपर्यंत चंचल प्रार्थनेच्या शेडबाहेर बसेल. ही शिस्त आहे."

भाकर करता करता शामकलाला त्या रविवारी उशीर झाला; हे जाहीर झाल्यावर ती ताट घेऊन आली. पाहते तर काय, चंचल टिनाच्या शेडबाहेर, उन्हात, बोरीखाली बसलेली. पोट गुडघ्यांना टेकलेलं. आणि आत, पहिल्या रांगेत, गुलशन मांडीवर ढोलक घेऊन ताल धरत होता.

तिच्या कानशिलात आग पेटली. ती ताट घेऊन सरळ पुढे गेली.

"पास्टरजी, ती पोरगी बाहेर काऊन?"

"शामकलाबाई, ते ठरलं आहे. ताट ठेवा."

"अन् हा?" तिनं गुलशनकडे बोट केलं. "हा आत काऊन? याच्या पापाले काय ढोलकाची सूट आहे?"

ढोलक थांबला. बाया खाली पाहू लागल्या. देवानंदचा चेहरा काळवंडला. "देवाच्या घरात आवाज चढवू नका."

"आवाज नाई चढवत तं काय करू? माझ्या बुधरामले तुम्ही पाठीवर घेऊन गेले. तवा विचारलं काय, तो शुद्ध आहे का पापी? दारू पेत होता तो. मले मारत होता. तरी तुम्ही उचललं. आता एका पोरीले सावलीत बसू देत नाई? तुमच्याच घरचं लेकरू तिच्या पोटात!"

"ताट ठेवा म्हणतो मी."

"ही भाकर मी केली. ती जेवत नाई तवरी मी जेवणार नाई."

ती वळली आणि ताट घेऊन उन्हात आली. चंचल उठून पळायला लागली, तशी शामकलानं तिचा दंड धरला. "पळतेस कायले? बस." मग तीही मातीत बसली. मागून दोन बाया आल्या, पदर सावरत, घाबरत. बाकी मंडळी आतच राहिली. त्या दिवशी आत भाकर वाटली गेली नाही.

शामकलानं चंचलला घरी आणलं. पुढच्या वेळी भाकर दुसऱ्या घरून आली. हायवेवर भेटलं की मंडळीतली माणसं तिच्याकडे पाठ करत. कोणीतरी म्हणालं, दुसरी मंडळी पाहा. ती उसळली, "काऊन पाहू? देव काय देवानंदच्या एकट्याचा होय?" दर रविवारी ती चंचलला घेऊन जायची आणि शेडबाहेर तिच्याशेजारी बसायची.

चंचलला मुलगी झाली. काही दिवसांनी गुलशन ढाब्यावर आला, मान खाली. "मावशी, मी लग्न कराले तयार आहो."

"मले काय सांगून राहिला? मंडळीत सांग."

तो रविवारी खरंच उभा राहिला. देवानंद म्हणाले, बस. तो बसला नाही. "चंचलचं लेकरू माझं होय," एवढंच बोलला, तेही रडत. मग बाहेरून चंचल आली, पोर छातीशी. बाहेर बसवल्यापासून पहिल्यांदाच आत.

"ऐकलं ना सगळ्यांनी? बस झालं. लग्न मले याच्यासंगं नाई करायचं. मी उन्हात बसली होती तवा हा ढोलक वाजवून राहिला होता."

त्या दिवशी देवानंदची प्रार्थना पुरी झाली नाही. पुढच्या आठवड्यात भर दुपारी ते एकटेच ढाब्यावर आले आणि तंदुरापाशी घाम पुसत उभे राहिले. शामकलानं वर पाहिलंसुद्धा नाही.

"शामकलाबाई, माझं चुकलं."

"माझ्याजवळ काय बोलता? घरी पोरगी आहे, तिच्याकडे जा."

ते गेले. काय बोलले ते चंचलनं कोणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर तिला कोणी बाहेर बसवलं नाही आणि ती पुन्हा गाऊ लागली. शामकला आता पास्टरसाठी प्रार्थना करते, दात आवळून. राग अजून गेलेला नाही, हे ती देवापासूनही लपवत नाही.