घोड्याला पाणी

आमच्या घरात गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे होतं. शेतीत माझे हात फारसे चालत नव्हते, म्हणूनच बहुधा तोंडाला काम दिलं असावं. कपाशीची वाळलेली बोंडं अंगणात ओतली, की पोरंसोरं कापूस काढायला बसत. मी सांगायचं आणि वाक्यागणिक कुणीतरी 'हूं' म्हणायचं. हूं थांबला की गोष्ट थांबली, असा रिवाज.

मग मला दम्यानं धरलं. नेकनूरच्या हकीमसाहेबांनी छातीला कान लावला. म्हणाले, "पाटील, ये जाने का नहीं. इसके साथ रहना सीखो." घरी येऊन मी बायकोला म्हणालो, हकिमानं मला नवा सोयरा जोडून दिलाय. ती हसली नाही.

त्या वर्षी गोष्टीतल्या राजानं घोड्यावर चढायला रिकिबीत पाय ठेवला आणि श्वास माझा अडकला. छातीत शिट्टी वाजायला लागली. धाकटी लेक 'हूं, हूं' म्हणत राहिली, पण मला पुढचा शब्द निघेना. पोरांचे हात थांबले. आजारी बैलाकडे बघावं तशी सगळी माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून मी ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडायला लागलो. काढा मुकाट्यानं प्यायचो. हवा कमी पडते ते सोसत होतो, पोरांची ती नजर सोसवत नव्हती.

एका संध्याकाळी बायको आली. "अहो, राजाला रिकिबीत कावून लटकवून ठेवलंय? उतरवा तरी, न्हाईतर पळवा तरी."

"माझ्याच्यानं होत न्हाई आता."

"अंगणात येऊन बसा तर."

चारचौघांत नवऱ्याच्या बोलण्यात बायकोनं बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तिनं कधी हूं दिला नव्हता. त्या दिवशी टोपली ओढून ती शेजारी बसली. मी गोष्ट पुन्हा धरली, पण दोन वाक्यांतच माझा दम सरला. पोरं पुन्हा तशीच बघायला लागली.

"हूं," ती म्हणाली. "मग राजानं विहिरीवर थांबून घोड्याला पाणी पाजलं म्हणं?"

माझ्या गोष्टीत विहीर नव्हतीच. तिनं गोष्टीतच सावकाश पोहरा सोडला, भरू दिला, वर ओढला. घोडा पोटभर प्याला, तोवर माझी छाती निवली.

"पाजलं," मी म्हणालो, आणि राजा निघाला.

दमा अजून आहे. आमच्या राजाच्या वाटेवर विहिरी मात्र फार झाल्यात. परवा धाकटी वैतागली, "आई, ह्ये घोडं कावून इतकं पाणी पितंय गं?"

बोंडावरून नजर न काढता बायको म्हणाली, "लई लांब जायाचं हाय त्याला."