बाळापूरच्या पाण्यात फाटलेला साबण

चुनखडीच्या खडकात अडकलेलं तेल बाहेर कसं काढायचं, हा माझा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रयोग होता. गुजरातेत तेल सापडल्याच्या बातम्या तेव्हा नव्या होत्या. विहिरीतून जेवढं वर येतं त्याहून जास्त तेल खाली दगडालाच चिकटून राहतं, असं अमरावतीच्या कॉलेजात आमच्या रसायनाच्या सरांनी सांगितलं. परदेशात त्यावर दोन उपाय तपासत होते. साबणासारखं द्रव्य सोडून तेलाची पकड सैल करायची, किंवा कार्बन डायऑक्साइड दाबाने घालून तेल पातळ करायचं आणि पुढे ढकलायचं.

मी काचेच्या नळीत चुनखडीचा चुरा ठासला, मशीनच्या तेलात भिजवला आणि वरून पाणी सोडलं. थोडं तेल आलं आणि थांबलं. साबणाचं पाणी सोडल्यावर पुन्हा येऊ लागलं, आणि चांगलं आलं. सर खूश झाले. एका तेल-प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा होती. तिथे माझी शिफारस करणारं पत्र त्यांनी लिहून ठेवलं. दिवाळीनंतर टाकतो म्हणाले. घरी माझ्या लग्नाची बोलणी त्या पत्राचं उत्तर येईपर्यंत थांबवलेली होती.

वायूचा भाग राहिला होता. कॉलेजात दाब देणारं यंत्र नव्हतं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बाळापूरला घरी गेल्यावर सोडावॉटर वापरायचं ठरवलं. त्यात हाच वायू दाबाने भरलेला असतो. स्टँडवरच्या सोडावाल्याकडे चार बाटल्या मागितल्या.

"काहून बाई, पोट बिघडलं का?"

"मले नाई. दगडाले पाजायचा आहे."

"मंग लिंबू मारून देतो. ढेकर देते का पाहा."

घरी आधी साबणाचं पाणी सोडलं आणि नळी तुंबली. चुऱ्यावर पांढरा साका बसला, थेंब खाली येईना. नळी रिकामी करून पुन्हा भरली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा भरताना आई भांडी घासता घासता बोलली.

"पाणी कुठलं घेतलं वं?"

"आपल्या विहिरीचं."

"या पाण्यात साबण फाटते, हे तुले कॉलेजात शिकवा लागते का? डोकं कशानं धुतलं तुयं लहानपणापासून?"

रिठ्याने. आमच्या खारपाणपट्ट्यातल्या जड पाण्यात साबण फेस धरत नाही, हे मला चालायला लागल्यापासून माहीत होतं. दोन वर्षं डिस्टिल्ड पाणी हाताळून मी ते साफ विसरले होते.

त्याच विहिरीच्या पाण्यात रिठे भिजवून ते पाणी सोडलं, तेव्हा साका बसला नाही. तेल आलं. मागून सोडा सोडला, तेव्हा बुडबुड्यांबरोबर आणखी थोडं आलं. पण सगळं मिळून कॉलेजातल्या साबणाच्या निम्मंही नव्हतं. चुनखडीच्या पोटातलं पाणी आमच्या विहिरीसारखंच जड असणार. म्हणजे फसवा प्रयोग बाळापूरचा नव्हता, कॉलेजातला होता. आणि पत्र त्याच प्रयोगावर लिहिलेलं होतं.

मी आईला सगळं सांगितलं.

"मंग नको सांगू सरले," ती म्हणाली. हातातलं पातेलं विसळून पालथं घातल्यावर तिने विचारलं, "पण तिथं गेल्यावर तुले हेच काम देतीन ना?"

दुसऱ्या दिवशी विहिरीच्या पाण्याचा डबा घेऊन मी अमरावतीची गाडी पकडली. सरांनी स्वतःच्या हाताने नळी भरली, साबण सोडला. साका बसला. त्यांनी नळी उजेडाकडे धरून पाहिली.

"डिस्टिल्ड पाणी वापरा, हे मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. त्यांनी दुसरं पत्र लिहिलं: जड पाण्यात साबण निकामी, रिठा चालतो, तेल कमी मिळतं. मला वाचायला दिलं. "हे वाचून कोणी जागा देईल असं वाटत नाही. टाकू?"

"टाका, सर."

उत्तर आलं. मुलींच्या राहण्याची तिथे सोय नाही, एवढंच त्यात होतं. साबणाबद्दल, पाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. पहिलं पत्र गेलं असतं तरी हेच उत्तर आलं असतं, हे मला कळत होतं. त्याने बरं वाटलं नाही. घरी मला बघायला पाहुणे येऊ लागले. बी.एस्सी. होताच मी सरांकडे कॉलेजातलीच डेमॉन्स्ट्रेटरची जागा मागून घेतली आणि मगच पाहुण्यांसमोर बसले. नोकरी सोडणार नाही, हे मी बसल्या बसल्याच सांगून टाकलं. पहिले दोघे चहा पिऊन गेले. तिसऱ्याने विचारलं, "कॉलेजात करता काय नेमकं?" त्याला समजावून सांगायला मला तासभर लागला.