आतला खिसा

काजांच्या मशीनवर बसायची म्हणून कारखान्यात सगळ्या तिला काजताई म्हणत. शर्टाला सात काजं, दिवसाला तीनशे शर्ट, आणि तोंडाचा पट्टा मशीनपेक्षा जोरात. परक्या देशात येऊन तिला चार वर्षं झाली होती. बाराजणींच्या खोलीत खिडकीखालची खाट तिची, उशाशी लेकीचा फोटो. त्या लेकीला आता सातवा महिना लागला होता. पहिलटकरीण पोर, सासरी वडीलधारं बाईमाणूस कुणी नाही. बाळंतपणाला तू ये, एवढंच ती फोनवर म्हणायची.

जायला काजताई एका पायावर तयार होती. नव्हता तो पासपोर्ट. आल्या दिवशीच मालकाने सगळ्यांचे पासपोर्ट 'सांभाळायला' म्हणून घेतले आणि कपाटात कुलूपबंद केले. मागायला गेलं की हंगाम संपू दे म्हणायचा. आणि त्याचा हंगाम काही संपायचा नाही. तीनदा मागून काजताईने हात टेकले.

अशात बातमी आली की परदेशी कामगारांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीची माणसं कारखाना बघायला येणार. मालकाचं धाबं दणाणलं. कामगाराचा पासपोर्ट कुणी अडकवून ठेवायचा नाही, असं अनेक देशांनी मिळून केलेल्या करारात लिहिलेलं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. मग काय, भिंतींना रंग लागला, नळाला दिवसभर पाणी आलं. ज्या मोरीच्या कडीसाठी बायकांनी चार वर्षं घसा कोरडा केला होता, ती एका दुपारी बसली. ही समिती महिन्याला आली तर गाद्याही मिळतील, असं काजताई म्हणाली.

आदल्या दिवशी सुपरवायझरने पासपोर्ट वाटले, भेट संपली की परत द्यायच्या बोलीवर. सतत 'आवरा, आवरा' करायचा म्हणून याचं नाव घाईसाहेब. पाहुण्यांनी विचारल्यावर शोधाशोध नको, प्रत्येकीने खिसा शिवून त्यात ठेवा, असं फर्मान सोडून तो पळाला. एप्रनला खिसा, हे त्याच्या मनात होतं, पण सांगायचं राहिलं. आता शिवणाऱ्या बाईला खिसा सांगायचा तर कुठे, केवढा, कुठल्या बाजूला, सगळं सांगावं लागतं. नमुना दिल्याशिवाय त्या कारखान्यात बटणसुद्धा लागत नसे. घाईसाहेब नमुना द्यायला विसरला, म्हणून तो काजताईने दिला: अंगातल्या कपड्याला आतून, डाव्या बाजूला, तोंड दुहेरी टाक्याने बंद.

समितीच्या बाई पिकल्या केसांच्या, सोबत एक दुभाषी. पासपोर्ट कायम कामगारांकडेच असतात, असं घाईसाहेबाने त्यांना ठासून सांगितलं. बाईंनी काजताईला विचारलं. तिने छातीवर हात ठेवला आणि मागोमाग रांगेतल्या चाळीसजणींनी ठेवला. बाई काही हसल्या नाहीत. असे ताजे रंगवलेले कारखाने त्यांनी बरेच पाहिले असावेत. खिसा कधी शिवला, एवढंच त्यांनी विचारलं.

गप्प बसावं तर पासपोर्ट पुन्हा कपाटात, बोलावं तर नोकरीवर पाणी. काजताईला फोटोतली लेक दिसली.

"काल," ती म्हणाली. "आज परत घेणार आहेत."

बाईंनी शांतपणे एकेक नाव लिहून घेतलं. मग घाईसाहेबाकडे वळून म्हणाल्या, "मी पुन्हा येईन, न सांगता. जिचा खिसा रिकामा असेल, तिचं उत्तर मालकाने द्यायचं."

मालकाने तरीही संध्याकाळी घाईसाहेबाला पिशवी देऊन पाठवलंच. चाळीसजणी हाताची घडी घालून बसल्या होत्या. कुणाच्या कपड्याला हात लावायची त्याची काय छाती होणार! त्याने पिशवी काखेत मारली. मग काजताईशेजारी स्टूल ओढून बसला आणि हळूच म्हणाला,

"ताई, शर्टाला आतून खिसा होईल का?"

त्याच्या हातात त्याचा स्वतःचा पासपोर्ट होता, आदल्या दिवशी वाटताना कपाटातून काढून घेतलेला. तोही परमुलखातूनच आलेला, आणि त्याचं पुस्तक त्याच कपाटात सात वर्षं पडून होतं. हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याला दिलेल्या सगळ्या शिव्या आठवून काजताईला ओशाळल्यासारखं झालं.

"बटण लावू की टाका घालू?"

"टाका. घट्ट घाला."

पिशवी रिकामीच परत गेली. मालक आठवडाभर धुसफुसला, पण न सांगता येणाऱ्या बाईंची धास्ती त्याने चांगलीच घेतली होती. काजताईची रजा महिन्याभरात मंजूर झाली.

विमानतळावर खिडकीतल्या माणसाने पासपोर्ट मागितला आणि काजताईची पंचाईत झाली. सामान देताना दाखवलेला पासपोर्ट तिने लगेच पुन्हा आत शिवून टाकला होता. कात्री सामानात गेलेली, आणि टाका तिच्या हातचा, तो कसला सुटतोय! खांबाआड जाऊन तिने तो दातांनी तोडला, आणि एकटीच खुदुखुदु हसली. परत आली तेव्हा तिच्या ओठाला दोऱ्याचा तुकडा चिकटला होता.

कशासाठी चाललात, असं त्या माणसाने शिक्का उचलता उचलता विचारलं.

"लेकीचं बाळंतपण आहे," ती म्हणाली, आणि त्याने न विचारताच पुढे सांगितलं, "पहिलं."