शुक्राची हवा आणि पाड्यातलं वाचन

डहाणू रोड स्टेशनवर मला सोडायला पाड्यातले अकरा जण आले होते. आईने घोलवडच्या वाडीतले कच्चे चिकू जुन्या पत्रकांत गुंडाळून दिले. जर्मनीला पोचेपर्यंत पिकतील म्हणाली. बाबा एवढंच बोलले, "तिकडे कोणाला भिऊन सही करू नको."

मी पत्रकांवर वाढले. तलासरीच्या आमच्या घरात पाठ्यपुस्तकांआधी पत्रकं आली: वनजमिनीचे पट्टे, रेशन, मजुरी. बाबा लिहायचे, पण छापण्याआधी ते पाड्यात मोठ्याने वाचायचं, आणि ज्या वाक्याला हरकत येईल ते तपासल्याशिवाय छापायचं नाही, असा नियम होता. एकदा त्यांनी लिहिलं, आसपासच्या सगळ्या विहिरी आटल्या. शेजारच्या जानीकाकींना अक्षरओळख नाही. त्या म्हणाल्या, "सगळ्या नाय. खालच्या पाड्यात मी कालच पाणी प्यायले." बाबा दोन दिवस धुमसले, पण वाक्य कापलं. तहसील कचेरीत त्या पत्रकातला एक शब्दही कोणाला खोडता आला नाही.

आता जर्मनीत ट्राम, जाड जॅकेट आणि कॅन्टीनमधले उकडलेले बटाटे. शुक्राच्या वरच्या वातावरणातला कार्बन मोनॉक्साइड मोजणं हे माझं संशोधनाचं काम. प्रत्येक वायू इन्फ्रारेड प्रकाशात ठरावीक जागी आपली रेघ उमटवतो. रेघेच्या ठळकपणावरून तो किती आहे ते काढता येतं. अडचण अशी की हाच वायू आपल्या हवेतही आहे, आणि जमिनीवरची दुर्बीण त्या हवेतूनच बघते.

मला शुक्राच्या एका बाजूला अपेक्षेपेक्षा बराच जास्त वायू दिसला. पृथ्वीचा वाटा गणिताने वजा केलाय, लगेच पेपर पाठव, असं माझे मार्गदर्शक सर म्हणाले; संशोधकांचा दुसरा एक गटही त्याच मागावर होता. मी पेपर पाड्यातल्या रीतीने लॅबमध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. लोक गालात हसले. मग ब्राझीलच्या मैत्रिणीने विचारलं, हा जादा वायू शुक्राचाच कशावरून? मी निरीक्षणांच्या तारखा पुन्हा काढून बघितल्या. तेव्हा शुक्र आपल्या जवळ येत नव्हता की लांब जात नव्हता, म्हणून दोन्ही रेघा एकावर एक बसल्या होत्या. तो वेगाने लांब जाऊ लागला की त्याची रेघ सरकते, आपल्या हवेची जागेवर राहते. त्याला काही महिने लागणार होते. पेपर पाठवायच्या फॉर्मवर मी सही केली नाही. "थांबलीस तर पहिली राहणार नाहीस," सर म्हणाले.

नाहीच राहिले. दुसऱ्या गटाचा पेपर आधी आला, टाळ्या त्यांना मिळाल्या. मी थांबले. मग एका सकाळी नवा डेटा आला: रेघ सरकली होती, आपल्या हवेपासून स्वच्छ वेगळी, आणि जादा वायू तिच्यात होता. त्यांच्यापेक्षा कमी, पण होता. त्यांच्या आकड्यात पृथ्वीची हवा मिसळली होती. त्यांना तो मागे घ्यावा लागला. मी लॅबमध्ये टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की कॉफी सांडली. सरांनीच पुसली.

बाबांनी मी पाठवलेला मराठी सारांश पाड्यात वाचला. मी व्हिडिओ कॉलवर होते. जानीकाकींनी विचारलं, "आपल्या हवेचं काय केलंस?"

"वजा केली, काकी."

"वजा कशी? हायवेला पोरं खोकतात. ती मोज की."

सगळे हसले. मी हसले नाही. मी लिहून घेतलं. मे महिन्यात येते आहे. हवेतला वायू मोजणारं, सुटकेसमध्ये मावेल असं यंत्र मागून ठेवलं आहे. माझ्यासारखं पाडा सोडून वापीला, सुरतेला, दुबईला गेलेल्या माझ्या सोबत्यांनो, घर म्हणजे आता माझ्यासाठी ती माणसं, जी माझ्या जिंकण्यावर समाधान मानत नाहीत.