तिखटावर दिलेलं ताक

तिखट लागलं की पाणी पिऊ नये, ताक प्यावं, गूळ चघळावा. हे शहाणपण मी आयुष्यात एकदाच ठासून सांगितलं आणि त्याची चीड मला अजून येते.

कपाशीची ती वाईट वर्षं होती. बोंडअळीनं सगळ्यांना पिसाळून सोडलं होतं; जो तो पाठीवर पंप घेऊन फवारत सुटला होता. आमचं घर यवतमाळातलं, नोकरदारांचं. राळेगावकडे मामाचं शेत, तिथं मी रविवारी ऐतखाऊसारखा जेवायला जायचो. मामाकडे वर्षानुवर्षं कामाला असलेल्या गड्याला मी काका म्हणायचो. हिरव्या मिरचीचा ठेचा भाकरीवर थापून तो खायचा आणि जेवण संपेपर्यंत पाण्याला शिवायचा नाही. बांधावर पैजच असे: जो आधी पाणी मागेल त्याची दिवसभर टिंगल.

त्या दिवशी तो सकाळपासून फवारत होता. पंप गळका, सदरा भिजून पाठीला चिकटलेला. हात मातीनं घासून तो जेवायला बसला आणि दुसऱ्याच घासाला त्यानं तांब्या उचलला. म्हणाला, "तोंड जळून राह्यलं बाप्पा."

आम्ही हसलो. मामा म्हणाला, "काय गा, आज मिरचीनं हरवलं का तुले?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ. मग मी पुढं झालो. शिकलेला ना मी! त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला, ताकाचा पेला तोंडाला लावला, गूळ दिला, वर चमचाभर कच्चं तेल चाटवलं. ते तांब्यातलं पाणी त्याच्या पाठीवर ओतावं, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. ज्याला उभ्या जन्मात तिखट लागलं नव्हतं त्याला आजच कसं लागलं, एवढा साधा प्रश्न माझ्या टाळक्यात आला नाही.

ओकाऱ्या सुरू झाल्या तेव्हा कुठं जीप शोधली. दवाखान्यात डॉक्टरनं आधी तो सदरा कापून काढला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "फवारणीच्या विषानं भिजलेला हा सदरा अजून अंगावर कसा?"

काका वाचला. तो घरी आल्यावर मी भेटायला गेलो, तर ओसरीवर चार फवारणारे बसलेले आणि हा त्यांना सांगत होता, "भाऊनं ताक पाजलं म्हणून वाचलो. तुमीबी बाटलीत भरून नेत जा."

माझं डोकंच सरकलं. "ताकानं नाही वाचलात! ताक पाजत बसलो म्हणून मरत होतात. सदरा काढून अंग धुवायला पाहिजे होतं!" त्या आजारी माणसावर मी अक्षरशः ओरडलो.

तो हळूच म्हणाला, "मंग तवाच काहून नाही सांगतलं, भाऊ?"

मला माहीत नव्हतं, एवढंच म्हणायचं होतं. त्या चौघांसमोर मला तेही म्हणवलं नाही.