कारण घरगुती नव्हतं

अद्वैत आणि मीरा, आजीचं हे पत्र दोघांनी वाचा. अद्वैत, तू फुटबॉलचा क्लब सोडतोयस, तिथे तुला वर्षभर बाहेरच बसवलं आणि तुझा बाबा या सोडण्याला बेइमानी म्हणतो, हे काल फोनवर कळलं. त्याला मी पुढची हकिगत कधी सांगितली नाही. चूक माझी.

ऐंशीच्या दशकात मी बारामतीला कॉलेजात होते, बी.ए. इंग्रजीला, आणि तिथल्या एका खो-खो संघात. नऊ जणी खेळतात, तिघी राखीव. इंदापूरच्या स्पर्धेत सरांनी नऊ नावं वाचली. सरावात मी कुणाच्या हाती लागत नसे, तरी माझं नाव नव्हतं.

"सर, मी?"

"तू राखीव." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अ‍ॅडमिशन राखीवमधनं, हॉस्टेल राखीवमधनं. मग हितंच का रडती? घरी मेंढरं राखता न्हवं तुमी? हितं चपला राख."

पोरी हसल्या. माझ्याच खोलीतल्या पोरी. एकीने "ब्यँ" केलं. खेळ अनवाणी, म्हणून नऊ जोड चपला, घड्याळं, बांगड्या माझ्यापुढे आल्या. मी राखल्या. दोन हंगाम राखल्या. लिहायला लाज वाटते, पण मी त्या जोडीजोडीने नीट लावून ठेवत असे.

दुसऱ्या वर्षी पुन्हा इंदापूर. आबा, म्हणजे माझे वडील, आमच्या कळस गावाहून मुद्दाम माझा खेळ बघायला आले होते. ऐन सामन्यात एकीचा पाय मुरगळला. मी उठले, ओढणी कमरेला आवळली. सरांनी त्यांच्या पुतणीला आत पाठवलं. तिला संघात येऊन आठ दिवस झाले होते. खांबाला वळसा घेतानाच ती बाद झाली.

"बघती काय? पाणी दे तिला," सर मला म्हणाले.

मी दिलं नाही.

एसटीत चढताना आबांनी मला एवढंच विचारलं, "पोरी, तितं तू खेळाया जाती का बसाया?"

एसटी गेली.

इंदापूरचा संघ मला घ्यायला तयार होता. फक्त सरांचा ना-हरकत दाखला हवा होता. मी अर्ज घेऊन गेले.

"घरगुती कारणास्तव, असं लिही. लगेच सही करतो," सर म्हणाले.

सगळे तसंच लिहितात. नोकरी सोडताना, शाळा सोडताना. पण माझ्या घराने काय केलं होतं? बसवलं यांनी, आणि दोष आबांच्या दारात? मी लिहिलेलं तसंच पुढे केलं: "मला खेळायला मिळत नाही, म्हणून मी संघ सोडत आहे."

"हे खोड."

"नाही, सर."

"मग बस घरी. बघू कोण खेळवतंय."

वर्षभर सही दिली नाही. एकविसावं वर्ष, पायात सगळ्यात जास्त वेग असतानाचं, फुकट गेलं. वर्षभर न खेळलेल्याला दाखला लागत नसे, त्या नियमानेच पुढच्या हंगामात मोकळी झाले आणि इंदापूरकडून खेळले. पहिला वेग आला नाही. ते वर्ष मला कोणी परत दिलं नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही, करणारही नाही.

अद्वैत, तुला कारण विचारतील. खरं तेच लिही. बाबाशी मी बोलेन.

ते मैदान आता नाही, सरही नाहीत. अर्जाची कार्बन कॉपी माझ्याकडे आहे. त्यात एकही शब्द खोडलेला नाही.