फटफटीसाठी गवत

संस्थानच्या शाळेत मी मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. जव्हारचा घाट उतरताना पुढे बैलगाडी दिसली, आणि गाडीवर चक्क होडी! स्वतः कोरलेली ती होडी खाडीत उतरवून गाडीवान पलीकडच्या बेटावरची फटफट्यांची शर्यत पाहायला निघाला होता. मीही हरखून शेजारी चालू लागलो. दर वळणावर तो मागे हात नेऊन होडीला थोपटायचा, जणू तिसरा बैलच. होडीत कंदील, नाचणीच्या भाकऱ्या आणि हिरव्या गवताची पेंढी.

“गवत कशाला?”

“जी फटफटी जिंकेल तिला. आमच्याकडं जिंकलेल्या बैलाला पाहुणे घास भरवतात.”

हसू आवरत मी म्हणालो, “अरे, ती तेल पिते.”

त्यानं कंदील कानाशी नेऊन हलवला. चेहरा खुलला.

“हाय की यात! हेच पाजीन तिला. मी परत येईन अंधारात, मास्तर.”